एकशेचाळीस रुपयांचं टोपण

डायरी पतपेढीची आहे, दोन हजार अकराची.
मागच्या पानापासून उलटी लिहीत आले:
क्लच प्लेट, सेटसकट, चार हजार दोनशे.
सेल्फचे ब्रश. डाव्या चाकाचं बेअरिंग.
सायलेन्सरला वेल्डिंग, तीनशे.
पुन्हा वेल्डिंग, तीनशे.
सस्पेन्शनचे बुश – ह्यापुढे मी प्रश्नचिन्ह काढलंय,
कारण खडखड आहे तशीच आहे.

एकतीस वर्षं लोकांच्या नोटा मोजल्या,
ह्या पानांची बेरीज मात्र मांडत नाही.
ती मला तोंडपाठ आहे.
देवास नाक्याच्या दलालानं सांगितलेली किंमत
त्या बेरजेहून कमी आहे, तेही पाठ आहे.
बोनेटच्या गंजावरून बोट फिरवत तो म्हणाला,
"भिया, अब इसमें रखा क्या है."
भिया म्हणजे मुकुंद.
मुकुंदाला ते बोट दिसलं नाही.

काचबिंदू. आधी डावा,
मग उजवाही, कडांकडून आत.
म्हणून चोपन्नाव्या वर्षी मी क्लच शिकले,
नेहरू स्टेडियमच्या मागे, पहाटे,
दूधवाल्यांच्या शिव्या खात.
आता मी चालवते आणि तो ऐकतो.
"टॅपेट वाजतंय."
"सेकंड टाक, दमली ती."
बायपासवर मोठ्या गाड्या हॉर्न मारत पुढे जातात.
जाऊ देत. आम्ही दोघं मिळून एक ड्रायव्हर.

मे महिन्यात बडवाहला मुंज होती.
श्रीखंड जेवून परत निघालो भर दुपारी,
आणि भेरूघाटाच्या चढाला काटा लाल रेघेकडे सरकायला लागला.
मी सांगितलं नाही. त्यानं वासावरून ओळखलं.
"हीटर लाव."
मला वाटलं, ह्याचं डोकं फिरलं.
"पूर्ण लाव. पंखा चारवर. काचा खाली."
चव्वेचाळीस डिग्रीत मी हीटर लावला.
इंजिनाचा ताप आमच्या अंगावर आला,
पावलांवरून, पोटऱ्यांवरून, पैठणीच्या काठातून वर.
मागे ट्रकांची रांग. पुढे वळणच वळण.
काटा थबकला. मग मागे आला, केसभर.
घाम डोळ्यांत जाऊन मलाही नीट दिसेना
आणि हा शर्टाची बटणं सोडून हसत होता,
लग्नानंतर प्रथमच ऊटीला गेल्यासारखा.
आम्ही ऊटीला कधी गेलो नाही.

छावणीत हलीमनं आधी पंख्याची मोटर बदलली: एकोणीसशे.
मग थर्मोस्टॅट: साडेसहाशे.
मग रेडिएटर धुतला, हिरवं कूलंट भरलं, आठशे मजुरी वेगळी.
पाणी तरी कमी होतच राहिलं.
तिसऱ्या खेपेला त्यानं रेडिएटरचं टोपण उन्हात धरलं.
आतल्या रबराला चीर होती,
करंगळीच्या नखाएवढीसुद्धा नाही.
बराच वेळ तो काही बोलला नाही.
पोराला सायकलवर पिटाळलं, तय्यबअलींच्या दुकानात.
टोपण आलं. एकशेचाळीस.
"ये मत लिखना, ताई," तो पान्यांच्या डब्याकडे बघत म्हणाला.

लिहिलं. कॅशियर होते मी.
वरच्या ओळी मात्र खोडल्या नाहीत
आणि परतही मागितलं नाही काही.
त्याच्या मनगटावर वाफेचा चट्टा होता, ताजा,
आमच्याच गाडीचा.

ऑगस्टात तिला पंधरा वर्षं पुरी होतील.
आर.टी.ओ.चा एजंट रोज फोन करतो,
फिटनेसचे इतके, हरित कराचे इतके,
पेंट मारून आणा म्हणतो, दिव्यांच्या काचा बदला.
पुतण्या म्हणतो, काकू, ॲपवर गाडी बोलवा, दारात येते.
येते खरी.
पण तिचा ड्रायव्हर मुकुंदाला गिअर विचारणार आहे का?

काल अन्नपूर्णेच्या चौकात सिग्नल सुटला,
गाडी डावीकडे वळली
आणि खालून नवीनच काहीतरी वाजलं,
कट्, कट्, कट्, वळण संपेपर्यंत.
मुकुंद मान कलती करून बसला होता.
"तुला काही ऐकू आलं?"
"नाही," मी म्हटलं.
थोड्या वेळानं तो म्हणाला, "मलाही नाही."
सत्तावीस तारीख होती.